बर्फावर धांवणारा अग्निरथ

वैशाखाच्या दिवसांत चंद्रपुरास पारा सत्तेचाळीस अंशांच्या घरांत जातो, आणि गडचिरोलीच्या रानांतली पायवाट दुपारीं अनवाणी चालवत नाहीं. येथल्या मामा तलावांनीं पुष्कळ दुष्काळ व पुष्कळ पूर पाहिले, पण त्यांतील एकाही तलावावर कधीं बर्फाची साय धरली नाहीं. अशा प्रांतांतील वाचकांपुढें गोठलेल्या सरोवरावरून, मागें ज्वाळा फेंकीत धांवणाऱ्या घसरगाडीची हकीकत मांडणें प्रथमदर्शनीं विक्षिप्तपणाचें वाटेल. तरीही ती मांडण्यास दोन कारणें आहेत. पहिलें असें कीं, या गाडीचें तत्त्व आपणांस मुळींच परकें नाहीं. दिवाळींत अंगणांतून उडणाऱ्या बाणांत तें आहे आणि दुर्गापूरच्या औष्णिक विद्युत्केंद्रांत फिरणाऱ्या चक्रांतही त्याचेंच भावंड आहे. दुसरें कारण अधिक निकडीचें आहे. परदेशांतील हौशी लोक घरच्या घरीं जेट इंजिन बनवून तें घसरगाडीस जोडतात व बर्फावर शर्यती करतात, हीं दृश्यें आज घरोघरच्या मुलांना हातांतल्या यंत्रावर दिसतात. उद्यां आपल्याच घरांतला एखादा चिरंजीव किंवा एखादी कन्या "मीही असें कांहीं तरी करणार" म्हणून उभी राहिली, तर वडील मंडळींनीं काय उत्तर द्यावें? नुसतें "नको" म्हणणें सोपें आहे, आणि नुसतें "शाबास" म्हणणें त्याहूनही सोपें आहे. योग्य उत्तर देण्यास मात्र थोडें ज्ञान लागतें.

या खटाटोपाचा आरंभ शोधूं लागलें म्हणजे माक्स वालिअर या गृहस्थापाशीं येऊन थांबावें लागतें. सन १८९५ मध्यें बोझेन येथें याचा जन्म झाला. खगोलशास्त्राचा नाद, लेखनाची व व्याख्यानांची आवड, आणि मनुष्य एक दिवस चंद्रावर जाईल असा दृढ विश्वास, ही त्याची शिदोरी. हेर्मान ओबेर्थ याचा अंतराळप्रवासावरील ग्रंथ सन १९२३ मध्यें प्रसिद्ध झाला. तो वाचून वालिअर भारून गेला आणि सामान्य लोकांस समजेल अशा भाषेंत तो विषय गांवोगांव सांगत फिरूं लागला. परंतु चंद्रावर जाण्यास पैसा लागतो, आणि व्याख्यानानें टाळ्या मिळाल्या तरी भांडवल मिळत नाहीं. तेव्हां त्यानें मोटारींचा प्रसिद्ध कारखानदार फ्रिट्झ फोन ओपेल यास गांठलें. संकटांत सांपडलेल्या जहाजांकडे दोर फेंकण्यासाठीं दारूचे बाण बनविणारा सांडेर नांवाचा कारागीर त्यांना येऊन मिळाला. ता. २३ मे १९२८ रोजीं बर्लिनच्या आव्हुस या रस्त्यावर ओपेलनें चोवीस बाण बसविलेली मोटार स्वतः चालविली. ती ताशीं सुमारें २३० किलोमीटर वेगानें गेली आणि दुसऱ्या दिवशीं युरोपभर तिचा बोलबाला झाला.

पुढें वालिअर व ओपेल यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ओपेलजवळ कारखाना होता. वालिअरजवळ नुसती जिद्द होती. मोटारीचें कुंभाड परवडत नाहीं, तर ज्यास चाकेंच नाहींत असें वाहन घ्यावें, हा विचार त्याला सुचला यांत नवल नाहीं. सन १९२९ च्या हिंवाळ्यांत त्यानें घसरगाडीवर बाणांची जुडी बसविली आणि म्यूनिकजवळील स्टार्नबेर्गच्या गोठलेल्या सरोवरावर तिचे प्रयोग केले. माणूस न बसवितां सोडलेल्या धांवेंत या गाडीनें ताशीं पावणेचारशें किलोमीटरांच्या आसपास वेग गांठल्याचें सांगतात. आपल्याकडील आगगाडी ज्या काळीं ताशीं पन्नास मैलांचें कौतुक करून घेत होती, त्या काळची ही गोष्ट आहे.

आतां बर्फच कां, हा प्रश्न घेऊं. कारण सर्व खेळाचें मर्म त्यांत आहे. गाडी व स्वार मिळून दीडशें किलो वजन धरा. पोलादी पट्ट्यांवर हें वजन कोरड्या जमिनीवरून ओढावयाचें म्हटलें तर घर्षणापायीं सुमारें पाऊणशें किलोचा जोर लागेल. तेंच वजन गुळगुळीत बर्फावर असेल तर अवघा तीन किलोचा जोर पुरतो. हौशी माणसानें घरीं बनविलेल्या लहानशा जेट इंजिनाचा रेटा वीस किलोंचा असला, तर आपल्या अंगणांत ती गाडी जागची हलणारही नाहीं. बर्फावर मात्र तिला सतरा किलोचा निव्वळ रेटा मिळतो आणि दहा सेकंदांत ती ताशीं चाळीस किलोमीटरांवर जाते. म्हणजे अशक्त इंजिनासही पराक्रम करावयास लावणारी भूमि म्हणजे बर्फ.

बर्फ इतकें निसरडें कां असतें, याचें जुनें उत्तर असें कीं, दाबामुळें बर्फ वितळून पट्टीखालीं पाण्याचा थर होतो. हें उत्तर पुष्कळ वर्षें पाठ्यपुस्तकांत होतें. पण हिशेब केला असतां केवळ दाबानें एवढें वितळणें शक्य नाहीं असें दिसून आलें. फॅरडेनें सन १८५० च्या सुमारासच सुचविलें होतें कीं, बर्फाच्या पृष्ठभागावर मुळांतच पाण्यासारखा एक अति पातळ थर असतो. पुढें सन १९३९ मध्यें बाउडेन व ह्यूज यांनीं प्रयोगानें दाखविलें कीं, घसरतांना घर्षणानें जी उष्णता उत्पन्न होते तीही बर्फ वितळवून वाट मऊ करते. वाचकांनीं याची प्रचीति घरींच घ्यावी. पितळेच्या ताटांत बर्फाचा खडा ठेवून बोटानें हळूच टिचकी मारावी, आणि शेजारीं तेवढाच खडीसाखरेचा खडा ठेवून त्यालाही तशीच टिचकी मारावी. दोहोंतला फरक लहान मूलही सांगेल.

बर्फाचें असें झालें. आतां ज्वाळेचें पाहूं. जेट इंजिन मागील हवेला ढकलून पुढें जातें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती खरी नाहीं. तसें असतें तर निर्वात अंतराळांत अग्निबाण चाललाच नसता. आंतला वायु मागें वेगानें फेंकला जातो, आणि त्याला फेंकतांना जो प्रतिटोला बसतो तोच गाडीला पुढें रेटतो. न्यूटनचा तिसरा नियम तो हाच. दोन खांबांना सुतळी ताणून बांधावी, तींत कागदाची एक नळी ओंवावी, फुगविलेला फुगा चिकटपट्टीनें त्या नळीला लावावा आणि त्याचें तोंड सोडून द्यावें. फुगा दोरीवरून सरकन् पळतो. हीच बिनविस्तवाची जेट गाडी. आपल्या पूर्वजांस हें तत्त्व शास्त्र म्हणून नव्हे, पण शस्त्र म्हणून ठाऊक होतें. मराठ्यांच्या फौजांतून बाणदार असत, आणि म्हैसूरच्या लोखंडी नळ्यांच्या बाणांनीं इंग्रजांस इतकें चकित केलें कीं, काँग्रीव्ह यानें त्यांच्यावरून आपले बाण तयार केले.

दारूच्या बाणांत मात्र एक मूळचा दोष आहे. एकदां पेटला म्हणजे तो विझवितां येत नाहीं, कीं मंद करतां येत नाहीं. म्हणून आजचे हौशी लोक दारूच्या वाटेस न जातां हवा ओढून घेणाऱ्या इंजिनाकडे वळतात. याचे दोन प्रकार विशेष प्रचारांत आहेत. पहिला प्रकार स्पंदनाचा. एका नळींत हवा व इंधन यांचें मिश्रण पेटतें. दाबानें पुढील झडपा बंद होतात व जळलेला वायु मागून सुटतो. तो आपल्याच वेगाच्या भरांत थोडा अधिक बाहेर जातो, त्यामुळें आंत पोकळी होते. झडपा उघडतात, ताजी हवा शिरते आणि पुन्हा भडका होतो. सन १९४४ मध्यें लंडनवर जे घोंघावणारे उडते बाँब पडले त्यांत हेंच इंजिन होतें आणि तें सेकंदास पन्नासाच्या आसपास ठोके देई. पुढें झडपांवांचून चालणाऱ्या, वांकविलेल्या नळीच्या जातीही निघाल्या. हलणारा भागच नसल्यामुळें त्या घरगुती कारागिरांच्या आवडत्या झाल्या.

दुसरा प्रकार चक्राचा. मोठ्या ट्रकच्या इंजिनावर टर्बो नांवाचा जो भाग असतो, त्यांत एका दांड्यावर दोन चक्रें असतात. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरानें एक फिरतें आणि दुसरें आंत हवा कोंबतें. भंगारांतून असा टर्बो मिळवून त्याच्या दोन बाजूंमध्यें पोलादी ज्वलनपात्र बसविलें, तेल पोंचविण्यास पंप जोडला आणि आरंभीं हवा फुंकून चक्राला गति दिली कीं, लहानसें जेट इंजिन तयार होतें. दुर्गापूरच्या केंद्रांत वाफ पात्यांवर आदळून चक्र फिरविते. येथें तेंच काम तापलेला वायु करतो. फरक इतकाच कीं, या चिमुकल्या चक्राचे मिनिटास एक लाखाच्या घरांत फेरे होतात. एवढ्या वेगांत एखादें पातें तुटलें तर तें बंदुकीच्या गोळीसारखें सुटतें, हें विसरून चालत नाहीं.

इंजिन सुरू झालें म्हणजे गाडी तयार झाली असें नव्हे. जाणते लोक येथूनच खरें काम सुरू झालें असें मानतात. प्रथम इंजिन जमिनींत पक्क्या रोवलेल्या चौकटीस बांधून चालवितात आणि ताणकांट्यानें त्याचा रेटा मोजतात. तपमान, तेलाचा दाब व चक्राचे फेरे वहींत टिपून ठेवतात. या वेळीं कोणीही चक्राच्या रेषेंत उभें राहत नाहीं. कानांवर बंदिस्त आवरण, डोळ्यांवर जाड भिंग आणि हाताशीं आग विझविण्याचें नळकांडें ठेवल्यावांचून इंजिनास हात लावीत नाहींत. मग गाडीवर इंजिन चढवून ती दोरानें बांधलेलीच चालवितात. नंतर माणसावांचून छोटी धांव घेतात. वालिअरचीही सर्वांत वेगाची धांव माणसावांचूनच झाली होती. त्यानंतरच स्वार बसतो. त्याच्या मनगटास बांधलेली दोरी इंधनाच्या तोटीशीं जोडलेली असते, म्हणजे तो पडला तर इंधन आपोआप बंद होतें. बर्फाची जाडीही भोंकें पाडून जागोजाग मोजतात. पायीं चालणाऱ्या माणसास दहा सेंटिमीटर जाडी पुरते असें समजतात, पण मोटारीएवढ्या वजनास त्याच्या दुपटीतिपटीची जाडी लागते. शिवाय झऱ्याच्या तोंडाशीं किंवा लव्हाळ्यांपाशीं तीच जाडी दगा देते.

आणि या सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे थांबणें. जें बर्फ निघतांना मित्र होतें, तें थांबतांना शत्रु होतें. ताशीं चाळीस किलोमीटर वेगानें जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर दहाबारा मीटरांत थांबते. त्याच वेगाची घसरगाडी इंजिन बंद केल्यावरही तीनशें मीटर घसरत जाईल. वेग दुप्पट केला तर अंतर चौपट होतें. हवेचा अडथळा त्यांतून थोडें कमी करील इतकेंच. म्हणून रुतणारे दांते, मागें उघडणारी छत्री आणि पुढें मोकळें मैदान यांवांचून धांव घेणें म्हणजे विहिरींत उडी टाकून मग दोर शोधण्यासारखें आहे.

एवढा खटाटोप करून हातीं काय येतें, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. हिशेबानें पाहिलें तर फारच थोडें. झोत सेकंदास पांचशें मीटर वेगानें मागें जात असतां गाडी सेकंदास दहा मीटरच चालत असेल, तर झोताच्या शक्तीचे शंभरांतले चारच वांटे गाडीच्या कामीं येतात. उरलेले शहाण्णव वाऱ्यावर जातात. जेट इंजिनाचें खरें घर आकाशांत आहे, जेथें वेग मोठा असतो. वालिअरला हें पक्कें ठाऊक होतें. त्याच्या मोटारी व घसरगाड्या या चंद्राच्या वाटेवरील दवंड्या होत्या. लोकांचें लक्ष वेधावें, कारखानदारांचे हात मोकळे व्हावे, म्हणून त्यानें त्या पिटल्या.

त्या दवंडीची किंमत त्यानें जबर दिली. दारूचा दोष ओळखून तो द्रव इंधनाकडे वळला व बर्लिनच्या हायलांट यांच्या कारखान्यांत त्यानें प्रयोग चालविले. द्रवरूप प्राणवायु व अल्कोहोल यांवर चालणारी गाडी त्यानें सन १९३० च्या एप्रिलांत धांववूनही दाखविली. वाट बरोबर होती; पुढील बहुतेक मोठे अग्निबाण द्रव इंधनाच्या त्याच मार्गानें मोठे झाले. पण ता. १७ मे १९३० रोजीं परीक्षेच्या वेळीं इंजिन फुटलें, धातूचा एक तुकडा त्याच्या छातींत शिरून मोठी रक्तवाहिनी तुटली आणि थोडक्याच वेळांत त्याचा अंत झाला. त्याचें वय अवघें पस्तीस वर्षांचें होतें. विशेष हें कीं, तो ना वेगांत मेला, ना बर्फावर. तो मेला तो चौकटीस बांधलेल्या इंजिनाजवळ उभा असतांना. मधें एक भक्कम भिंत असती तर कदाचित् चंद्रावर पाऊल पडल्याची वार्ता सन १९६९ मध्यें त्यानें म्हातारपणीं ऐकली असती.

असले उद्योग परदेशांतच होतात आणि आपल्याकडील माणसें ते नुसते पाहतात, असें मात्र कोणी समजूं नये. बर्फावरील घसरगाडीच्या शर्यतींत शिवा केशवन यानें सन १९९८ पासून सन २०१८ पर्यंत सहा ऑलिंपिकांत भारताचें नांव लावलें. देशांत बर्फाची धांवपट्टी नाहीं, म्हणून त्यानें घसरगाडीस चाकें लावून हिमालयांतील रस्त्यांवर सराव केला. घरच्या घरीं यंत्र बांधण्याचें तर जिवंत मराठी उदाहरणच आहे. वैमानिक अमोल यादव यांनीं मुंबईस कांदिवलीच्या चारकोप भागांत आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधलें. त्याआधींचे दोन प्रयत्न साधले नव्हते. एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या या गृहस्थाच्या मागें सारें घर उभें राहिलें आणि घरची मिळकत त्यांत पडली. सन २०१६ मध्यें तें विमान यारीनें गच्चीवरून उतरवून प्रदर्शनांत मांडलें गेलें. सन २०१७ मध्यें सरकारी दप्तरीं त्याची नोंद झाली, पुढें उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि सन २०२० मध्यें धुळ्याच्या धांवपट्टीवर त्याच्या चांचण्या झाल्या. विमान बांधण्यास जेवढीं वर्षें लागलीं, जवळ जवळ तेवढींच परवानगी मिळविण्यांत गेलीं. त्याबद्दल कोणी हळहळेल. परंतु गच्चीखालीं व विमानाखालीं माणसें राहतात, ही गोष्टही तितकीच खरी आहे.

आपल्या भागास तर हें सांगावयास नकोच. भद्रावतीस आयुधनिर्माणी आहे. तेथें काम करणारा प्रत्येक मनुष्य आगपेटी दारावर ठेवून आंत जाण्याचा अर्थ जाणतो. शेजारच्या भंडारा जिल्ह्यांतील जवाहरनगरच्या निर्माणींत ता. २४ जानेवारी २०२५ रोजीं स्फोट होऊन कामगार प्राणांस मुकले, तो दिवस वैदर्भीय घरें विसरलेलीं नाहींत. जेथें शिकलेलीं माणसें आणि जाड भिंती आहेत तेथें जर असें घडतें, तर न्हाणीघरामागें दारू कुटणाऱ्या पोराची काय कथा! परवान्यावांचून स्फोटक दारू बनविणें हा गुन्हाही आहे. तेव्हां त्या वाटेस आपल्या घरांतून मुळींच रजा नसावी.

मग घरांतील हौशी मुलास सांगावें काय? आमच्या मतें, त्यास तीन प्रश्न विचारावे. पहिला, "तुझें यंत्र किती जोर देईल, हें कागदावर मांडून दाखवितोस कां?" वर जो दीडशें किलोंचा हिशेब दिला तो दहावी झालेल्या मुलास येण्यासारखा आहे, आणि ज्यास तो मांडतां येत नाहीं त्याच्या हातीं विस्तव देऊं नये. दुसरा, "तें बंद कसें करशील?" चालू करण्याची युक्ति सगळेच सांगतात, बंद करण्याची युक्ति ज्याच्या ओठांवर तयार आहे, तोच खरा कारागीर. तिसरा, "बिघडलें तर कोण कोठें उभें असेल?" हा प्रश्न बहुधा आईच विचारते आणि सर्वांत शास्त्रीय प्रश्न तोच असतो, बर्लिनच्या त्या कारखान्यांत तो वेळेवर विचारला गेला नाहीं.

या तीनही प्रश्नांचीं उत्तरें समाधानकारक मिळालीं, तर मुलाच्या पाठीवर हात ठेवावा व पुढील वाट दाखवावी. आरंभ फुग्याच्या गाडीपासून व्हावा. मग पाण्यानें आणि पंपाच्या हवेनें उडणारी बाटली मोकळ्या मैदानांत वडील माणसांच्या देखरेखीखालीं उडवावी; तीस विस्तव लागत नाहीं आणि न्यूटन मात्र पुरता कळतो. चंद्रपुरास शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, औद्योगिक प्रशिक्षणाच्या शाळा आहेत, गडचिरोलीस सन २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. तेथील कार्यशाळांत वितळजोड, चरक व मापन शिकलेला मुलगा पुढें इंजिनास हात घालील तो जाणत्या गुरूच्या नजरेखालीं व जाड भिंतीच्या आडून घालील. बर्फ आपल्या नशिबीं नसलें तरी त्यावांचून अडणारें यांत कांहींच नाहीं. वालिअरला बर्फ हवें होतें तें चाकांचा खर्च परवडत नव्हता म्हणून. त्याचें ध्येय चंद्र होतें. मुलांचें ध्येय तितकेंच उंच असूं द्यावें, आणि त्यांचे पाय कोठें टेंकले आहेत याची काळजी घरच्या वडिलांनीं वाहावी.